रोज तीस शब्द पाठ होतात, मग आठवड्यात जातात कुठे?

प्रश्न : बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. रोज तीस अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवून पाठ करतो. रात्री सगळे येतात, आठ दिवसांनी निम्मेसुद्धा आठवत नाहीत. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : स्मरणशक्ती ठीक आहे, हिशेब चुकतोय. हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्येच दाखवून दिलं की, नव्याने पाठ केलेलं सर्वांत वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत. म्हणून नवा शब्द दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा समोर यायला हवा. म्हणजे महिन्यात पाच उजळण्या झाल्या. रोज ३० नवे शब्द घेतले तर महिनाअखेरीस रोज १५० जुने शब्द तपासायला लागतात. एकाला २० सेकंद धरले तरी ५० मिनिटं गेली. एवढा वेळ कोणी काढत नाही, उजळणी सुटते आणि तीसच्या तीस हातचे जातात. रोज १० शब्द घ्या. उजळणी १७-१८ मिनिटांत आटोपते आणि ती रोज होते.

दुसरी अडचण वहीची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ अशी वही वाचताना प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो, पण परीक्षेत तो आपणहून आठवावा लागतो. त्यासाठी व्हिजिटिंग कार्डाएवढे कागद कापा. पुढच्या बाजूला शब्द न लिहिता रिकामी जागा असलेलं वाक्य लिहा. ‘मिटिगेट’ शिकायचा असेल तर ‘द गव्हर्नमेंट ट्राइड टु मि— द इम्पॅक्ट ऑफ द ड्राउट’ असं. मागच्या बाजूला शब्द, उच्चार, ‘तीव्रता कमी करणे’ हा अर्थ आणि या शब्दाचे नेहमीचे सोबती लिहा : रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट, डॅमेज. सोबती पाहिलेत की कळतं, मिटिगेट होतं ते नेहमी काहीतरी वाईट. पगार मिटिगेट होत नाही. हे मराठी अर्थावरून कधीच समजलं नसतं, आणि रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात गुण जातात ते इथेच.

कार्डं चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करून ठेवा : वर सांगितलेल्या पाच उजळण्यांसाठी एकेक. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. आजची बहुतेक फ्लॅशकार्ड अ‍ॅप्स याच तत्त्वावर चालतात. अ‍ॅप वापरलंत तरी हरकत नाही, फक्त वाक्यं स्वतः भरा. दुसऱ्याची तयार यादी उतरवून घेतली की पुन्हा वहीचाच प्रकार होतो.

प्रश्न : क्लासमध्ये समानार्थी शब्दांचे गट करून देतात. एका गटात आठ-दहा शब्द. सोपं वाटतं, पण पेपरात सगळे एकमेकांत मिसळतात.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : मिसळणारच. अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच बैठकीत शिकले की ते एकमेकांची जागा घेतात. दिसायला सारखे असलेल्यांचंही तेच : ‘एमिनंट’ म्हणजे नामवंत आणि ‘इमिनंट’ म्हणजे अगदी येऊन ठेपलेला. ‘इन्क्रेडिबल’ असते गोष्ट, ‘इन्क्रेड्युलस’ असतो ती ऐकून विश्वास न बसलेला माणूस. गटातला सर्वांत जास्त वापरातला एक शब्द आधी घ्या. तो दोन-तीन आठवड्यांत पक्का झाला की दुसरा घ्या आणि तेव्हा दोघांतला फरक एका ओळीत लिहा. गट करायला हवेतच, पण शब्द येऊ लागल्यावर, उजळणीसाठी.

प्रश्न : निवृत्तीनंतर इंग्रजी अग्रलेख वाचायला सुरुवात केली आहे. दर ओळीला शब्दकोश उघडावा लागतो आणि लेख अर्धवट राहतो. इंग्रजी–मराठी कोश वापरावा की इंग्रजी–इंग्रजी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी मजकुराची निवड तपासा. कोशाशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असं वाचनाच्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. ७०० शब्दांच्या अग्रलेखात चौदापेक्षा बरेच जास्त शब्द अडत असतील, तर काही महिने बातम्या आणि सोपी सदरं वाचा. पहिलं वाचन न थांबता करा, अडलेल्या शब्दांवर फक्त पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या वाचनात त्यातले पाचच निवडा : जे दोनदा आले किंवा ज्यांच्यावाचून मुद्दाच कळला नाही. बाकीचे खुशाल सोडून द्या, उपयोगाचे असतील तर पुन्हा भेटतील.

कोश दोन्ही लागतात. मराठी अर्थ पटकन पकडायला पहिला. मग शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी कोश उघडा; लाँगमनच्या अशा कोशात व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच दिलेल्या असतात. त्यातली उदाहरणं वाचल्याशिवाय कोश मिटू नका. ‘अँबिग्युअस’ आणि ‘अँबिव्हॅलंट’ घ्या. मराठीत दोन्हींसाठी ‘संदिग्ध, द्विधा’ असं काहीतरी सापडतं. उदाहरणं पाहिलीत की लगेच दिसतं : अँबिग्युअस असतं विधान, अँबिव्हॅलंट असतं माणसाचं मन.

आणि ‘प्रगत’ म्हणजे दुर्मिळ, असं समजू नका. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये शैक्षणिक लेखनात सतत येणाऱ्या ५७० शब्दकुळांची (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं म्हणजे एक कूळ) यादी केली. डिराइव्ह, इम्प्लाय, कॉन्स्टिट्यूट, अ‍ॅट्रिब्यूट असे शब्द त्यात आहेत. अग्रलेखातही पानोपानी हेच भेटतात. ते कच्चे असताना २०१७ मध्ये शशी थरूर यांच्या ट्वीटमुळे गाजलेल्या ‘फरागो’च्या (म्हणजे खिचडी, भेसळ) मागे धावण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : लॅटिन-ग्रीक मुळं पाठ केली की अर्थ आपोआप कळतात, हे कितपत खरं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कळलेला अर्थ धरून ठेवायला मुळं फार उपयोगी. ‘बोलणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘लोक्वी’वरून लोक्वेशस (बडबडा), एलोक्वंट (वक्तृत्वपूर्ण), सॉलिलोक्वी (स्वगत), कलोक्विअल (बोलीभाषेतला) ही सगळी मंडळी एका दावणीला बांधता येतात. पण अर्थ ओळखायला मुळावर भिस्त ठेवू नका. आपल्याकडे ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. नुसत्या धातूवरून संहाराचा अर्थ लावता येईल का? इंग्रजीतही तसंच. ‘एनर्व्हेट’ ऐकून ताकद देणं वाटतं, अर्थ आहे गलितगात्र करणं. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य, कवडीमोल नव्हे. ‘इनफ्लॅमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारं. ‘डिसइंटरेस्टेड’ पंच म्हणजे निःपक्षपाती पंच. अंदाज जरूर करा, मात्र कार्डावर लिहिण्याआधी कोशात पडताळा.

प्रश्न : शब्द लिहिता येतात, बोलताना चुकतील अशी भीती वाटते.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : देवनागरीत लिहिलं तसं वाचायची सवय असल्याने आपण इंग्रजी अक्षरंही तशीच वाचतो. त्यातून एपिटोम, हायपरबोल, इन्डिक्ट, सबटल असे उच्चार तयार होतात. बरोबर उच्चार अनुक्रमे इपिटमी, हायपर्बली, इन्डाइट, सटल. ऑनलाइन कोशात शब्दाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवा, तीनदा ऐका, प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणा आणि मगच कार्डामागे उच्चार लिहा. आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, कुठल्या अक्षरावर येतो तेही तिथेच अधोरेखित करा : इपिटमीत ‘पि’वर, हायपर्बलीत ‘पर्’वर.