आरए पाळल्याबद्दल खुलासा मागितलाय? माफी लिहून देऊ नका

तुम्ही लिहिलंय की सरळ उड्डाणात 'क्लाइंब, क्लाइंब' (वर चढा) असा आरए, म्हणजे हवेतली टक्कर टाळणाऱ्या टीकॅस यंत्राचा आदेश, आला, कॅप्टननी विमान वर घेतलं, तेवढ्यात कंट्रोलरने उंची सोडू नका म्हणून सांगितलं आणि आता कंपनीने 'दिलेली उंची का सोडली' याचा तुम्हा दोघांकडून खुलासा मागवलाय. याच मजकुराचं पत्र मलाही आलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. टीए (जवळ विमान आहे एवढीच सूचना), आरए, ऑटोपायलट कधी काढायचा, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

खुलाशात 'अनवधानाने उंची सोडली गेली, क्षमस्व' असं वाक्य कुणी कितीही गोड बोलून सुचवलं तरी लिहू नका. 'आरए आला, तो पाळला, क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट (धोका टळला) ऐकल्यावर दिलेल्या उंचीवर परतलो' एवढंच, वेळेसकट. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेनच्या आकाशात तुपोलेव्ह प्रवासी विमानाला टीकॅस 'वर' सांगत होतं आणि झुरिकचा कंट्रोलर 'खाली'. तुपोलेव्हचे वैमानिक खाली गेले. समोरचं मालवाहू बोइंग स्वतःच्या टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. दोघं आदळले. ७१ माणसं गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. दोन्ही विमानांची यंत्रं आपसांत ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवतात आणि कंट्रोलरला ते दिसत नाही. म्हणून दोघांत विरोध आला तर आरएच पाळायचा. (स्टॉलचा, म्हणजे पंखांचा आधार सुटण्याचा, किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा असेल तर गोष्ट वेगळी.) तुमच्या कंट्रोलरला दोष देण्याची घाई नको. 'टीकॅस आरए' हा कॉल त्याच्यापर्यंत पोचलाच नसेल. अशा वेळी 'अनेबल, टीकॅस आरए' (तुमचं पाळता येत नाही, आरए आहे) म्हणायचं आणि वर जात राहायचं.

माझ्या वेळी खरा मनस्ताप कंपनीच्या कार्यालयाने दिला. आम्ही उतरल्यावर लगेच सांगितलं होतं, तरी विमान पुढच्या सेक्टरला (फेरीला) पाठवलं आणि कॉकपिटमधल्या आवाजाचं रेकॉर्डिंग त्याच्यावर नवं चढून पुसलं गेलं. मग तेच लोक विचारत होते, 'आरए आला होता याला पुरावा काय?' विमानाच्या डेटात सगळं होतं, पण तो मागवायचे कष्ट कुणी घेईना. तोवर आम्ही दोघं रोस्टरबाहेर, म्हणजे उड्डाणं बंद. हरियाणात चरखी दादरीला १९९६ मध्ये दोन विमानं हवेत आदळून ३४९ माणसं गेली, त्या दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. त्यानंतर आपल्याकडे ते सक्तीचं झालं. ते यंत्र ऐकणाऱ्या क्रूला आरोपीसारखं वागवणं मला आजही सहन होत नाही. पुढचा तरुण पायलट पत्राच्या भीतीने दोन सेकंद थांबला तर? पहिल्या आरएला हात हलवायला पाचच सेकंद मिळतात.

तेव्हा आजच लेखी मागणी करा: फ्लाइट डेटा राखून ठेवा, एटीसीचं (हवाई नियंत्रणाचं) रडार आणि आरटी (रेडिओवरच्या बोलण्याचं) रेकॉर्डिंग मागवा. ईमेलची प्रत वैमानिकांच्या संघटनेला द्या. लॉगबुकात नोंद झाली नसेल तर कॅप्टनना आठवण करा. ते गप्प आहेत म्हणता, पण दोघांचे खुलासे जुळायला हवेत, त्यामुळे आधी त्यांच्याशी बोला. मी आता उडत नाही, नियमांची भाषा बदललेली असू शकते. तुमच्या कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल उघडा आणि त्यातला परिच्छेद क्रमांक खुलाशात टाका.

जाता जाता: नेमलेली उंची गाठताना शेवटच्या हजार फुटांत चढउताराचा वेग मिनिटाला १५०० फुटांखाली ठेवत जा. बरेच नाहक आरए तिथेच टळतात.