एसएमए असलेल्या लेकीला घेऊन इंग्लंडला येताना

ताई, तुमच्या तीन वर्षांच्या लेकीला एसएमए टाइप २ (स्नायू कमजोर करत जाणारा जनुकीय आजार) आहे, त्यावरचं रोज तोंडाने द्यायचं औषध रिस्डिप्लाम सुरू आहे आणि नवऱ्याला बर्मिंगहॅमला नोकरी मिळतेय. तेव्हा यावं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मुलाला हाच आजार आहे आणि आम्ही इथेच असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

फक्त औषधासाठी येऊ नका. आम्ही निघालो तेव्हा भारतात एका बाटलीला सहा लाखांच्या आसपास पडायचे. आमच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंटच्या वादात नॅटको या भारतीय औषध कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि तेच औषध बाटलीला १५,९०० रुपयांत आलं. ती बातमी वाचून मी रडले. खर्च आजही लहान नाही. लेक बारा किलोची असेल तर रोज ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमची बाटली वीस दिवसांत संपते. वीस किलोनंतर तर बाराच दिवसांत. पण देश सोडायलाच हवा, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही.

यायचं असेल तर बाकीच्या गोष्टींसाठी या. फिजिओ, फुफ्फुसांचे डॉक्टर, पाठीच्या कण्याचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ हे सगळे इथे एकमेकांशी बोलतात. तिकडे फायली घेऊन मीच चार ठिकाणी फिरायचे आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचे. रात्रीच्या श्वासाची तपासणी, कफ काढायचं मशीन, व्हीलचेअर यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. थांबावं मात्र लागतं, व्हीलचेअरसाठी तर फारच.

आजारामुळे व्हिसा नाकारतील ही भीती काढून टाका. ऑस्ट्रेलियात उपचारांचा अंदाजे खर्च मोजून नकार देऊ शकतात, ब्रिटनमध्ये तशी अट नाही. भारतातून येताना टीबीची तपासणी लागते, तेवढीच. पण इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार आधीच भरावा लागतो: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ पौंड होतात. ते कंपनी भरणार का, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी घ्या. अपंग मुलांसाठीचा सरकारी भत्ता मात्र नोकरीच्या व्हिसावर मिळत नाही. तो हिशेबात धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोहोचल्यावर आधी जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी, मग त्यांची चिठ्ठी, मग न्यूरोमस्क्युलर (नसा-स्नायूंच्या आजारांच्या) केंद्राची तारीख. यात आठवडे जातात आणि तोवर रोजचा डोस चुकता कामा नये. तुमच्या डॉक्टरांना इथल्या केंद्राला निघण्याआधीच पत्र लिहायला सांगा. एसएमएन१ आणि एसएमएन२ या आजाराशी संबंधित जनुकांच्या प्रतींचा अहवाल, हालचालींच्या चाचण्यांचे गुण, मणक्याचे आणि खुब्याचे एक्स-रे सोबत ठेवा. बाटल्या पुरेशा आणा, पण सगळ्या बाटल्यांतल्या पावडरचं द्रावण आधी करून ठेवू नका; एकदा केलं की ६४ दिवसांत संपवावं लागतं आणि फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. प्रवासात बाटली थंड पिशवीत आणि हातातल्या सामानात, सोबत डॉक्टरांचं पत्र.

औषधाच्या वेळेचं गणितही आधी बसवा. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इथे हिवाळ्यात दुपारचे दीड, आणि तेव्हा मूल शाळेत असतं. वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्याकडे जेवण झालं की मुलगा स्वतः सिरिंज धरतो, दट्ट्या मी दाबते. भरल्यावर पाच मिनिटांत द्यायचं, दुधात मिसळायचं नाही. हे त्याला पाठ आहे, आणि आजी व्हिडिओवर असली तर तो तिलाही बजावतो.

घर बघताना घाई करू नका. इथल्या जुन्या घरांत बाथरूम बहुतेक वर असतं आणि जिना अरुंद. आज लेक कडेवर मावते, दोन वर्षांनी पाठ बोलायला लागेल. तळमजला किंवा लिफ्ट असलेला फ्लॅट बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

शाळेतल्या मदतीसाठी कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) ईएचसीपीचा, म्हणजे मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या आराखड्याचा, अर्ज करावा लागतो. कायद्याने वीस आठवड्यांत आराखडा मिळायला हवा, प्रत्यक्षात अनेकदा उशीर होतो. म्हणून पत्ता ठरला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. अर्जात काय लिहायचं ते अडलं तर मला विचारा, आमचा अर्ज मी जपून ठेवलाय.