बदक म्हणण्याआधी पाय बघ

नांदूर मधमेश्वरला, नाशिककडच्या त्या पक्षी अभयारण्यात, पहिल्यांदाच चाललायस ना? मग पाण्यावर दिसेल त्याला बदक म्हणू नकोस. मी वर्षभर तेच केलं. वारकरी नावाचा पाणपक्षी बघ. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, पोहतो थेट बदकासारखा. काठावर आला की दुर्बीण पायांवर लाव. बोटं सुटी, प्रत्येकाला पाळीसारखी झालर. बदकासारखा सलग पडदा नाही. हा पाणकोंबड्यांच्या कुळातला, गण, म्हणजे कुळाहून मोठा गट, क्रौंचाचा. दिसणं फसवतं, म्हणून शास्त्रज्ञ नातं शोधतात, हल्ली डीएनएवरूनही. त्यात फ्लेमिंगोची जवळची भावकी कोण निघाली? चिमुकली पाणडुबी! वहीत वारकऱ्याचं शास्त्रीय नाव ‘फुलिका आट्रा’ हेही लिही. वारकऱ्यालाच कुणी चांदवा म्हणतं. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं हे नाव मात्र जगभर एकच. आणि अभयारण्याकाठच्या चापडगावला उजाडतानाच पोच, नंतर ऊन डोळ्यांवर येतं.