बल्हारा, ताजिक आणि चिंचणीचा ताम्रपट

नवव्या-दहाव्या शतकात उत्तरेतले प्रतिहार राजे सिंधच्या अरबांशी लढत असताना दख्खनच्या राष्ट्रकूट राजांनी अरब व्यापाऱ्यांना आपल्या बंदरांत जागा दिली, मग ही फितुरी नाही का, असा तुमचा प्रश्न आहे. मला ती फितुरी वाटत नाही. सगळे अरब एकाच राजाची माणसं होती असं धरलं की हा गोंधळ होतो.

आधी दख्खननं अरबांची फौज कशी परतवली ते पाहू. मुहम्मद बिन कासिमनं ७१२ मध्ये सिंध घेतला. पुढे सिंधमधून निघालेली एक फौज सौराष्ट्र आणि गुर्जरांना हरवून दक्षिणेच्या दारात, नवसारीला आली. चालुक्यांचा तिथला मांडलिक अवनिजनाश्रय पुलकेशी यानं तिचा पराभव केला. त्याच्या ७३९ च्या ताम्रपटात हल्लेखोरांना ‘ताजिक’, म्हणजे अरब, म्हटलंय आणि राजानं खूश होऊन त्याला ‘अनिवर्तकनिवर्तयितृ’ ही पदवी दिल्याची नोंद आहे. म्हणजे मागे न हटणाऱ्यांनाही मागे हटवणारा. फ्रान्समध्ये चार्ल्स मार्टेलनं अरबांना रोखलं त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. ती लढाई शाळेपासून ठाऊक असते, नवसारीची मात्र आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे राष्ट्रकूट दंतिदुर्गानं चालुक्यांची सत्ता उलथवली. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘वल्लभ’ म्हणवत. ‘वल्लभराज’चं प्राकृत रूप अरबांच्या तोंडी ‘बल्हारा’ झालं. ८५१ च्या सुमारास सुलेमान व्यापाऱ्याच्या नावानं मिळणाऱ्या वृत्तांतात जगातले चार मोठे राजे सांगितलेत: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा (बायझंटाईन साम्राज्याचा) कैसर आणि चौथा हा कान टोचलेल्यांचा राजा, बल्हारा! बल्हाराला अरबांविषयी आपुलकी आहे आणि गुर्जर राजा, म्हणजे प्रतिहार, अरबांचा वैरी आहे, हेही तिथेच येतं. तुमचा प्रश्न बहुधा या वाक्यांवरूनच आला असावा.

आता माझा आवडता पुरावा. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट सापडला. तेव्हाचा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र. त्याच्या आजोबांनी, दुसऱ्या कृष्णानं, संयान म्हणजे संजाण मंडलाचा कारभार मधुमती ऊर्फ सुगतिप या ताजिकाकडे सोपवला होता. मधुमती म्हणजे मुहम्मदच. बापाचं नाव ‘सहियारहार’ असं कोरलंय. त्यामागे शहरयार असावं, आणि ते तर फारसी वळणाचं नाव! या मुहम्मदानं आसपासच्या बंदरांवरचे प्रमुख आपल्या धन्यासाठी जिंकले आणि तिथे स्वतःचे अंमलदार नेमले. त्याच्या अमदानीत दोन प्रवाहांवर पैलतीरी नेणारी फुकट होडी चालू झाली. संजाणला अन्नछत्र उघडलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. ताम्रपटाचं मूळ कारण तर याहून विलक्षण आहे: अन्नैय नावाच्या ब्राह्मणानं बांधलेल्या मठिकेच्या (छोट्या मठाच्या) डागडुजीसाठी आणि देवीच्या नैवेद्यासाठी या ताजिक अधिकाऱ्यानं राजाच्या संमतीनं गाव दान दिलं.

नवसारीला मार खाल्लेल्यांना आपण ताजिक म्हणतो आणि देवीला गाव देणाऱ्यालाही ताजिकच. पहिला सिंधच्या सत्तेचा सैनिक होता, दुसरा मान्यखेटचा, म्हणजे राष्ट्रकूटांच्या राजधानीचा, चाकर. त्यांना एका तागडीत कसं तोलायचं?

बंदरांत पैसा होता, हे तर उघड आहे. अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी ९१६ मध्ये चेऊलला आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. शिलाहार राजा झंझ हा तिथला राष्ट्रकूटांचा मांडलिक होता, आणि मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता.

त्याच सुमारास तिसऱ्या इंद्रानं कनौजवर स्वारी करून प्रतिहार महीपालाला पळवून लावलं. पण हे वैर ध्रुव राष्ट्रकूटानं वत्सराज प्रतिहाराला हरवलं तेव्हापासूनचं, सव्वाशे वर्षांहून जुनं. गंगा-यमुनेच्या दुआबावर हुकूमत कुणाची, यावरून ते पेटलं होतं, आणि सिंधचा एकही अमीर नसता तरी पेटलंच असतं.