ब्रिटिशांविषयी इतर देशांतील लोकांना काय वाटते? आपल्यासारखाच राग त्यांनाही आहे का?

नोकरीनिमित्त मी काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिलो. तेथे माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत इराणी, आयरिश, डच आणि पोर्तुगीज सहकारी होते, त्यामुळे आपण विचारलेल्या प्रश्नावर त्यांच्याशी अनेकदा बोलणे झाले आणि पुढे त्या त्या देशांचा इतिहासही वाचला. त्यातून माझे मत असे झाले आहे की एखाद्या देशावर अन्याय किती झाला, एवढ्यावरून तेथील लोकांचे आजचे मत ठरत नाही. जे घडले ते ब्रिटनने नंतर उघडपणे मान्य केले की झाकून ठेवले, याला त्याहून अधिक महत्त्व आहे.

इराण ही ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हती, तरीही त्यांच्याविषयीचा सर्वांत खोल संशय मला इराणी लोकांमध्येच आढळला. देशात काहीही विपरीत घडले की ‘हे इंग्रजांचेच काम’ असे म्हणण्याची तेथे जुनी रीत आहे. मुल्लाची दाढी उचलून पाहिली तर खाली ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का दिसेल, असेही तेथे म्हटले जाते. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ संशयी स्वभाव वाटेल, परंतु त्यामागे दीर्घ अनुभव आहे. १८९० मध्ये शहाने साऱ्या देशातील तंबाखूचा मक्ता एका ब्रिटिश मेजरला दिला आणि लोकांनी धर्मगुरूच्या आदेशावरून हुक्के बाजूला ठेवल्यावरच तो रद्द झाला. १९०१ मध्ये तेलाचे हक्क साठ वर्षांसाठी विल्यम नॉक्स डार्सी या ब्रिटिश उद्योजकाला मिळाले, १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले आणि १९१४ मध्ये ते काढणाऱ्या कंपनीचे बहुसंख्य भाग खुद्द ब्रिटिश सरकारने विकत घेतले. म्हणजे इराणच्या भूमीतून निघणाऱ्या संपत्तीचा मोठा वाटेकरी एक परकीय सरकार होते, आणि आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यातील इराणी कामगार मात्र हलाखीत राहत होते.

याच इतिहासातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. १९०६ मध्ये राज्यघटनेच्या मागणीसाठी तेहरानमधील बारा हजारांहून अधिक लोकांनी ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आश्रय घेतला होता. तेथे तंबू पडले, मोठमोठ्या कढयांत अन्न शिजू लागले आणि अखेर शहाला नमते घ्यावे लागले. त्या लोकांचा ब्रिटनवर तेवढा विश्वास होता. पुढच्याच वर्षी ब्रिटन आणि रशिया यांनी करार करून, इराणला न विचारता, त्याच्या भूमीची प्रभावक्षेत्रांत वाटणी केली. विश्वास ठेवल्यानंतर झालेली ही फसवणूक इराणी मनाला अधिक लागली असावी, असे मी समजतो.

त्यानंतर १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा देशात शिरल्या आणि रझा शाह यांना गादी सोडावी लागली. त्यांना घेऊन निघालेली बोट मुंबईला आली होती, पण ब्रिटिशांनी त्यांना तेथे उतरू न देता मॉरिशसला पाठवले. १९५१ मध्ये पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांनी तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी घडवून आणलेल्या उठावात त्यांचे सरकार पाडले गेले. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने आपला सहभाग २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांतून मान्य केला. ब्रिटिश सरकारने मात्र या घटनेला ७० वर्षे झाली तेव्हाही, म्हणजे २०२३ मध्ये, तशी औपचारिक कबुली दिलेली नव्हती. ज्या राज्यकर्त्यांचा हात सतत पडद्याआड राहिला, तो हात मग लोकांना सगळीकडेच दिसू लागतो.

आयर्लंडने याहून कितीतरी अधिक भोगले आहे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली. तेवढ्याच माणसांनी देश सोडला, आणि त्याच वेळी आयर्लंडच्या बंदरांतून धान्य व जनावरे इंग्लंडला जात होती. १८४१ मध्ये त्या बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती आणि तो आकडा तेथे पुन्हा कधीच गाठला गेला नाही. तरीही माझा आयरिश सहकारी लिव्हरपूल संघाचा कट्टर चाहता होता, आणि त्याच्या घरातील अर्धी माणसे इंग्लंडमध्ये परिचारिका किंवा बांधकामावरील कामगार म्हणून आयुष्यभर राबलेली होती. सतराव्या शतकात आयर्लंडमध्ये कत्तली करणारा इंग्रज सेनानी क्रॉमवेल याचे नाव निघाले की त्याचा चेहरा कठोर होई, परंतु शेजारच्या इंग्रज माणसाविषयी त्याच्या मनात कटुता नव्हती.

हे आपोआप झालेले नाही. १९२० च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला होता आणि त्यात १४ जण मरण पावले. त्याच मैदानावर फेब्रुवारी २००७ मध्ये इंग्लंडचा रग्बी संघ खेळायला आला, तेव्हा ब्रिटिश राष्ट्रगीत वाजत असताना हजारो आयरिश प्रेक्षक शांत उभे राहिले आणि नंतर त्यांच्या संघाने तो सामना ४३-१३ असा जिंकला. १९७२ मध्ये ब्रिटनमध्येच राहिलेल्या उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे नि:शस्त्र मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबाराची दीर्घ चौकशी होऊन २०१० मध्ये अहवाल आला, आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी संसदेत उभे राहून त्या कृत्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही असे सांगत माफी मागितली. २०११ मध्ये राणी एलिझाबेथ डब्लिनला गेल्या, ब्रिटिशांविरुद्ध लढून मेलेल्यांच्या स्मारकापुढे त्यांनी मान लवविली आणि भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली. उत्तर आयर्लंडमध्ये स्वतःला ब्रिटिशच मानणारा मोठा समाज आहे, आणि ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा असा कौल देणाऱ्या २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर सीमेच्या प्रश्नावरून जुना अविश्वास पुन्हा डोके वर काढू लागला, हेही येथे नोंदवायला हवे.

डच लोकांचे उदाहरण मला फार हृद्य वाटते. सतराव्या शतकात इंग्लंड हा त्यांचा कडवा शत्रू होता, आणि १६६७ मध्ये त्यांनी पळवून नेलेल्या इंग्रज युद्धनौकेचा कोरीव भाग आजही ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परंतु लोकांच्या मनात घर करून राहिला आहे तो सप्टेंबर १९४४. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समधील आर्नेमचा पूल घेण्याचा ब्रिटिश व पोलिश छत्रीधारी सैनिकांचा प्रयत्न फसला, शहर उद्ध्वस्त झाले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये हजारो लोक उपासमारीने मेले. असे असूनही ओस्टरबेकच्या लष्करी दफनभूमीत दर सप्टेंबरला शाळकरी मुले प्रत्येक कबरीवर फुले ठेवतात. जुन्या सैनिकांनी १९९४ मध्ये तेथील लोकांसाठी एक दगडी स्मारक उभारले. आम्ही तुमच्यावर मृत्यू आणि विनाश ओढवला, पण तुम्ही आम्हाला कधी दोष दिला नाहीत, या अर्थाचा मजकूर त्यावर आहे.

पोर्तुगालची इंग्लंडशी मैत्री चौदाव्या शतकापासूनची. तरीही जानेवारी १८९० मध्ये अंगोला आणि मोझांबिक यांमधील प्रदेशातून सैन्य काढून घ्या, असा निर्वाणीचा इशारा ब्रिटनने दिला आणि पोर्तुगालला माघार घ्यावी लागली. त्या संतापातून जन्मलेले गीत पुढे त्यांचे राष्ट्रगीत झाले, आणि १९६१ पर्यंत गोव्यातही अधिकृत राष्ट्रगीत तेच होते. आजच्या पोर्तुगीजांना मात्र ब्रिटिश म्हटले की अल्गार्व्हच्या किनाऱ्यावरील पर्यटक आठवतात. त्यांच्यापुरता तो विषय संपलेला आहे.

आता आपल्याशी तुलना. केनियात ब्रिटिश सत्तेविरुद्ध १९५० च्या दशकात झालेल्या माऊ माऊ बंडाच्या काळात छावण्यांमध्ये छळ सोसलेल्या ५,२२८ लोकांना १ कोटी ९९ लाख पौंड देण्याचे ब्रिटिश सरकारने २०१३ मध्ये मान्य केले, आणि छळ झाल्याची कबुलीही दिली. पण तेही पीडितांनी लंडनच्या न्यायालयात खटला लढवल्यानंतर, आणि तेव्हाही शब्द खेदाचे होते. २०२३ मध्ये राजे चार्ल्स केनियाला गेले तेव्हाही त्यांनी तीव्र खेद व्यक्त केला, परंतु माफी मागितली नाही. जालियनवाला बागेच्या शताब्दीनिमित्त एप्रिल २०१९ मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी त्यांच्या संसदेत नेमके एवढेच केले होते. त्यामुळे आपला राग आयरिशांसारखा निवलेला नाही आणि इराणी लोकांच्या संशयाइतका सर्वव्यापीही झालेला नाही. केनियातील लोकांचा राग मला आपल्या रागाच्या सर्वांत जवळचा वाटतो.