रफ कट पाहून कुणाचं ऐकायचं?

प्रश्न : वडगावच्या यंत्रमाग कामगारांवर आम्ही चौघांनी कॉलेजसाठी माहितीपट केलाय. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, २२ मिनिटांचा झाला. सर म्हणतात, १५ वर आणा. मैत्रिणी म्हणतात, सुरुवात संथ आहे. ज्यांच्या घरी शूटिंग केलं ते मामा म्हणाले, “यात आमचा माग कुठाय?” आमच्यात दोघं मराठी, दोघं कन्नड. एकानं लावलेला कट दुसरा बदलतो, मग भांडणं. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : तिघांत मामांचं आधी ऐका. वडगाव-खासबागच्या गल्लीत शिरलं की माग दिसायच्या आधी ऐकू येतो. मुलाखतीसाठी तुम्ही तो बंद ठेवायला लावला असणार आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एक शब्द कळला नसता. पण तो खडखडाट वेगळा रेकॉर्ड केलाय का? नसेल तर पुन्हा जा. माग चालू असतानाचा आवाज घ्या, बंद असतानाची खोलीची शांतताही घ्या, कटांमधले सांधे तिनंच झाकतात. आडवा धागा नेणारा धोटा, त्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणारे हात, तुटलेला धागा जोडणारी बोटं जवळून टिपा. मग काळ्या पडद्यावर आधी माग ऐकू येऊ दे, चित्र नंतर. मैत्रिणींची तक्रारही त्यानं बरीच मिटेल. मोबाइलवर घेणार असाल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कॅमेऱ्याचाच ठेवा, २५ असेल तर २५.

सरांना एवढंच विचारा, “लक्ष कुठं उडालं?” प्रेक्षकाला कंटाळा आला तर तो खराच आलेला असतो, पण त्यावर तो सुचवेल तो उपाय बरोबर असेलच असं नाही. त्या जागी दोन माणसं तीच गोष्ट सांगत असतील तर एकाला काढा. जीव तुटतो, तरी काढा. फिल्म १७ मिनिटांवर नीट बसली तर सरांना तसं सांगा.

भांडणांचं म्हणाल, तर एडिटिंगच्या टाइमलाइनवर एका वेळी एकच जण बसेल. बाकीच्यांनी मिनिट-सेकंद लिहून सूचना द्याव्यात. प्रत्येक बदलाची तारीख घातलेली नवी प्रत ठेवा, जुनी पुसू नका. फुटेज दोन हार्ड डिस्कवर हवंच. आणि कन्नड मुलाखती त्या दोघांशिवाय कापू नका. मराठीसारखाच कन्नडमध्येही नकार वाक्याच्या शेवटी येतो. सेकंदभर आधी कापलं तर माणसाच्या तोंडी नेमकं उलटं विधान जातं, आणि उद्या गल्लीत त्याचा जाब त्यालाच विचारतील. याबाबत मी फार कडक आहे.

पिक्चर लॉक करण्याआधी, म्हणजे कट कायमचे पक्के करण्याआधी, मामांच्या घरी जाऊन फिल्म पुन्हा दाखवा. मात्र वेळ त्यांना विचारून ठरवा. माग थांबला की मजुरी बुडते. सबटायटल त्यानंतरच घाला, नाहीतर दर बदलाला सगळी सरकवत बसाल.