अमेरिकन सिरीजमध्ये ज्याचं नाव प्रोड्युसर म्हणून येतं तो पैसे लावणारा असतो की लेखक?

बहुतेक वेळा लेखकच असतो, पैसे स्टुडिओ नाहीतर चॅनलचे असतात. तिकडे टीव्हीत लेखकाचं प्रमोशन असंच होतं, आधी स्टाफ रायटर, मग स्टोरी एडिटर, मग को-प्रोड्युसर, प्रोड्युसर, सुपरवायझिंग प्रोड्युसर असं करत करत वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, आणि त्यातला जो सगळी सिरीज चालवतो तो शोरनर. नुसतं नाव मोठं होत नाही हां, रायटर्स रूममध्ये, म्हणजे सिरीजचे लेखक एकत्र बसतात तिथे, एपिसोड लिहायचा, मग सेटवर उभं राहून सीन चालत नसेल तर तिथल्या तिथे डायलॉग बदलायचे, कास्टिंग, एडिटिंग सगळीकडे बसायचं, हे काम शिकल्याशिवाय शोरनर होणं अवघड. २०२३ मध्ये रायटर्स गिल्डने, म्हणजे तिथल्या लेखकांच्या युनियनने, १४८ दिवस संप केला त्यात हाही मुद्दा होता, की मोजक्या लेखकांच्या छोट्या रूम करून शूटिंगआधीच लेखकांना घरी पाठवतात मग नवीन लोकांनी प्रोडक्शन शिकायचं कुठे, आणि माझ्या मते ती मागणी अगदी रास्त होती. गिल्डचा स्टुडिओंशी झालेला करार कुणालाही वाचायला खुला आहे, त्यात लेखनाच्या क्रेडिटचे नियम सापडतील. प्रोड्युसरचं क्रेडिट मात्र बऱ्यापैकी ज्याच्या त्याच्या काँट्रॅक्टवर ठरतं, त्यामुळे यादीतले सगळेच लेखक समजू नका, कधी स्टारचा मॅनेजरही असतो, आणि बजेट आणि शेड्युल सांभाळणारा लाइन प्रोड्युसर तर वेगळाच माणूस. सिनेमात हे गणित लागू होत नाही, तिथे लेखक आणि प्रोड्युसर सहसा वेगळेच असतात.